दोन नजरांची मोजणी

माझे थोरले दीर शाळेत आले तेव्हा मी सातवीला अपूर्णांक शिकवत होते. दारातच त्यांनी टोपी काढली आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "मास्तरीणबाई, तीसपर्यंत मोजता येतं ना?"

पोरं खिदळली. मी म्हटलं, "शंभरापर्यंत येतं, बायके."

"शंभर लागणार नाहीत. तिसाच्या वरचा कळप आता दिसत नाही."

आमच्याकडे सुनेनं सासरच्या थोरल्यांचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, म्हणून लग्न झाल्यापासून मी त्यांना बायके, म्हणजे मोठा भाऊ, असंच म्हणत आले. नाव बेशेनाली. अभयारण्यात एकतीस वर्षं रक्षक. त्याआधी सरकारी शेतीच्या काळात लांडगे मारायच्या टोळीत होते, आणि त्यांच्या बंदुकीची गोळी वाया जात नाही असं खालच्या खोऱ्यापर्यंत बोललं जायचं. यंदापासून मोजणी दोघांनी करायची होती, पण अभयारण्यातला त्यांचा जोडीदार सादिर त्या वर्षी कामासाठी रशियात निघून गेला होता. माझा नवरा जाऊन दोन हिवाळे झाले होते, मुलगी बिश्केकला शिकत होती. बायके माझ्यासाठी आले की मोजणीसाठी, हे मी तेव्हाही विचारलं नाही. नवरा गेल्यापासून माझ्या अंगणात शेणाच्या गोवऱ्या आणि जळण पहिल्या बर्फाआधी येऊन पडत होतं, तेही मी कधी विचारलं नव्हतं.

अक-बुलुन हे आमच्या खोऱ्यातलं शेवटचं गाव. त्याच्या वर फक्त डोंगर, आणि त्या डोंगरांत आर्खार. रानमेंढेच ते, पण नराची शिंगं अशी दुहेरी वळलेली की दोन हातांत एक पेलत नाही. शिंगांसाठीच लांबून शिकारी येतात. दरवर्षी किती नर मारू द्यायचे हे शहरातलं कार्यालय ठरवतं, आणि ते ठरतं आमच्या शरदातल्या मोजणीवरून.

मोजणी कशी करायची ते मार्लेननं समजावलं. शहरातून आलेला, पस्तिशीचा, चष्मेवाला, नम्र मुलगा. एका मेंढपाळाच्या रिकाम्या हिवाळी घरात आमचा मुक्काम होता. शेगडीजवळ बसून तो म्हणाला, "दोघांनी एकाच वाटेनं जायचं, पण अर्ध्या तासाच्या अंतरानं. ठरलेल्या प्रत्येक खिंडीवर थांबायचं, दुर्बिणीनं समोरची उतरण बघायची. जो कळप दिसेल तो लिहायचा. कुठे, किती वाजता, माद्या किती, कोकरं किती, नर किती. एकमेकांशी बोलायचं नाही, हातवारेसुद्धा नाहीत. संध्याकाळी दोघांचे कागद शेजारी ठेवायचे."

बायके कुरूत, वाळवलेल्या दह्याचा गोळा, चघळत होते. "तीस वर्षं एकटा मोजत होतो तेव्हा कुणाला शंका आली नाही. आता माझ्या पाठीवर माणूस लावलाय, तोही घरचाच."

"शंका तुमच्यावर नाही, बायके," मार्लेन म्हणाला. "डोंगरावर आहे. तो लपवतो."

"डोंगर नाही लपवत. माणूस बघत नाही."

गणित मला लगेच उमगलं आणि आवडलंही. समजा बायकेंनी वीस कळप पाहिले आणि त्यातले सोळा मलाही दिसले. म्हणजे माझी नजर पाचातले चार टिपते. मग मी स्वतः एकूण वीस पाहिले असतील, तर खरे पंचवीस असणार. दोघांनाही न दिसलेलेसुद्धा असे मोजता येतात. दोन कागदांत मेळ जितका जास्त, तितकं निसटलेलं कमी. मेळ कमी, तर डोंगरात न दिसलेलं पुष्कळ. मी पुढं ते वर्गात बटाटे लपवून मुलांना शिकवलं.

पहिलं वर्ष माझ्या आयुष्यातलं चांगलं वर्ष होतं. मोजणीच्या आधीचे आठ दिवस बायकेंनी मला बघायला शिकवलं. "वरून खाली बघू नकोस, जीव घाबरतो. खालून वर ये. डावीकडून उजवीकडे, वाचल्यासारखी. एका ओळीला चहा थंड होईल इतका वेळ दे." मला कळप दिसला की मी ओरडायची आणि ते हसायचे. "ओरड, ओरड. चीनपर्यंत ऐकू जाऊ दे, म्हणजे तिकडचेही पळतील." एकदा मी तीन दगड माद्या म्हणून लिहिले. ते त्यांनी घरी सायराकान एजेला, म्हणजे सायराकानताईला, माझ्या थोरल्या जावेला सांगितलं, आणि पुढं वर्षभर ती मला विचारायची, "काय गं जिपार, दगड व्यायले का?"

त्या वर्षी त्यांचे एकवीस कळप, माझे वीस, दोघांना दिसलेले सतरा. गणितानं पंचवीस कळप, सव्वादोनशेच्या आसपास जनावरं. मार्लेन म्हणाला, फार नाहीत, पण आहेत.

दुसऱ्या वर्षी मला अठरा कळप दिसले. बायकेंनी बावीस लिहिले होते, मेळ फक्त तेरांचा. लाल दरडीच्या खिंडीवर त्यांनी लिहिलं होतं, सात नर, तळाशी, बसलेले. अर्ध्या तासानं मी तिथं पोचले तेव्हा ऊन होतं, वारा नव्हता, उतरण तळापासून माथ्यापर्यंत मोकळी होती. बसलेले नर अर्ध्या तासात कुठं जातात? जातही असतील, मी मनाशी म्हटलं. मी नवखी, ते तीस वर्षं मुरलेले. सात नर मला दिसले नाहीत हीच माझी लाज, असं मानून मी गप्प बसले.

पण त्या हिवाळ्यात मी दुसऱ्याही गोष्टी पाहत होते. सायराकान एजे चहाची वाटी त्यांच्या हातातच द्यायला लागली होती, आधी पुढ्यात ठेवायची. घोडा वळला की ते वळायचे. एकदा रस्त्यात मुख्याध्यापकांना त्यांनी सलाम केला नाही, आणि मुख्याध्यापक महिनाभर रुसून होते. मी एजेला एकटीला गाठून विचारलं, "बायकेंना नीट दिसतं ना?"

"तुझ्यापेक्षा चांगलं," ती म्हणाली, आणि पीठ मळत राहिली. पीठ केव्हाच मळून झालं होतं.

तिसऱ्या शरदात त्यांनी चोवीस कळप लिहिले. मी चौदा. मेळ आठांचा.

मार्लेननं आकडे मांडले आणि त्याचा चेहरा उजळला. "बेचाळीस कळप! पावणेचारशेच्या वर जनावरं. म्हणजे आपल्या नजरेतून निसटणारी किती आहेत बघा."

मी गणिताची मास्तरीण. त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. खोटा कळप लिहिला की तो दुसऱ्याच्या कागदावर नसतोच, मेळ कमी होतो, आणि गणित समजतं की डोंगर भरलेला आहे. मला दिसणारे कळप विसाचे अठरा झाले, अठराचे चौदा. डोंगर रिकामा होत होता आणि कागदावर तो भरत होता.

बायके शेगडीकडे तोंड करून बसले होते. मार्लेननं मला विचारलं, "जिपार एजे, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "त्यांची नजर जुनी आहे. माझी कच्ची."

एवढंच म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं. पण ज्या माणसानं माझं अंगण कधी जळणावाचून राहू दिलं नाही, त्याला परक्या मुलासमोर आंधळा म्हणायला माझी जीभ उचलली नाही, हे खरं कारण. त्या आकड्यावरून पुढच्या वर्षी सात नर मारायची परवानगी निघाली. आधी तीनांची असायची.

उन्हाळा सरता सरता शिकारी आले. त्यांचे वाटाडे वरच्या खोऱ्यांत दहा दिवस हिंडले आणि चिडून परत आले. "कागदावर चारशे, डोंगरावर शेळ्यासुद्धा नाहीत," असं एकजण दुकानात सर्वांदेखत बोलला. मग त्यांनी गावाजवळच्या खाऱ्या मातीवर दबा धरला. तिथं म्हाताऱ्या नरांचा एक कळप माती चाटायला यायचा. पोरं लांबून बघायची, पण त्यांना कुणी कधी हात लावला नव्हता. चार नर एका आठवड्यात गेले. जीपच्या टपावर बांधलेली शिंगं शाळेच्या खिडकीतून दिसली, आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले ती घंटा होईपर्यंत.

चौथ्या मोजणीला आम्ही ऑक्टोबरात निघालो. पहिल्याच दिवशी मी नियम मोडला. अर्धा तास थांबायचं सोडून, घोडा खाली बांधून, दहा मिनिटांतच त्यांच्यामागून चढले.

बायके लाल दरडीच्या खिंडीवर होते. तिवईवरच्या लांब दुर्बिणीला उजवा डोळा लावून बसले होते, ताठ, टोपी मागे सरकवलेली, जसे नेहमी बसायचे तसे. दुर्बीण हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत होती. मग त्यांनी मांडीवरचा कागद घेतला, बोटानं ओळ चाचपली आणि लिहू लागले.

मी जवळ गेले. दुर्बिणीच्या तोंडावर झाकण होतं.

गप्प परत जाणं अजून शक्य होतं. शेवटी मी म्हटलं, "बायके, झाकण."

त्यांनी हात पुढे करून झाकण चाचपलं. काढलं नाही. म्हणाले, "मला वाटलं ढग आलेत."

"ऊन आहे."

"हो. मानेला लागतंय."

मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. उजवा डोळा अडीच वर्षांपूर्वीच गेला होता, ते म्हणाले. नारीनच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला, गेलेलं परत येत नाही असंही सांगितलं. डाव्यानं माणूस आहे की घोडा एवढं कळायचं, तेही जवळ आलं की.

"मग दुर्बीण कशाला लावायची?"

"कुणी बघितलं तर?"

"इथं कोण बघणार आहे, बायके?"

"तू," ते म्हणाले.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग आधी बाहेर पडला. "तुम्ही लिहिलेले ते सात नर? ते तेवीस माद्यांचे कळप? कुठून आणलेत?"

"आणले कुठून म्हणजे? मला ठाऊक आहेत ते. वारा उत्तरेचा असला की लाल दरडीच्या तळाशी बसतात. पहिलं बर्फ पडलं की माद्या दक्षिणेच्या उतरणीला येतात. तीस वर्षं येतात. मी खोटं लिहिलं नाही, जिपार. ते तिथं असतात."

"नाहीत."

"तुला दिसले नसतील."

"बायके, नाहीत ते."

त्यांनी तोंड उतरणीकडे केलं. "बघ. झाकण काढ आणि बघ. खालून वर ये."

मी झाकण काढलं आणि त्यांनी शिकवलं तसं बघितलं, खालून वर, डावीकडून उजवीकडे. दरडीचा तळ रिकामा. "ओढ्याच्या वळणावर?" ते विचारत होते. नाही. "वरच्या हिरव्या पट्ट्यात?" गावच्या गाई होत्या, आर्खार नाही. "बर्फाच्या रेषेखाली, काळ्या दगडाच्या उजवीकडे?" तिथं तीन माद्या होत्या, एक कोकरू. मी सांगितलं.

"नर?"

"एकही नाही."

मग मी त्यांना गणित सांगितलं. सातवीच्या मुलाला सांगावं तसं, सावकाश. त्यांनी लिहिलेला एकेक कळप माझ्या कागदाशी जुळत नव्हता तेव्हा आकडा कसा फुगत गेला, सात परवाने कुठून आले. त्यांना हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांची समजूत अशी, की दोन कागदांत जो कमी बघतो त्याला काढून टाकतात. म्हणून ते जास्त लिहीत होते.

"खाऱ्या मातीवरचे नर," ते म्हणाले. "ते मीच मारले म्हण."

"शिकाऱ्यांनी मारले."

"मास्तरीणबाई, आत्ता गणित शिकवलंस ना?"

त्यांनी कागदाची घडी केली, आणि उतरताना पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. आमच्यात दीर भावजयीच्या अंगाला हात लावत नाही. वाटेत कुणी भेटलं नाही ते बरं झालं.

त्या संध्याकाळी मार्लेन कागद मागायला आला तेव्हा बायके उभे राहिले. "माझे कागद फाड. यंदाचे, गेल्या वर्षीचे आणि त्याआधीचे. पहिल्या वर्षीचे ठेव, तेव्हा दिसत होतं."

मार्लेननं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे. तो ओरडला नाही. चष्मा काढून पुसत बसला. मग माझ्याच कागदांवरून त्यानं नवा अंदाज काढला. गेल्या शरदात पावणेचारशे नव्हते. दीडशे असतील, कदाचित तेवढेही नाहीत. "जिपार एजे," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या वर्षी. इथेच बसून."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

बायके मध्ये पडले, "तिला काय विचारतोस, पोरा? ती सून आहे. मोठ्यांविरुद्ध तोंड उघडलं असतं तर मीच तिला घरातून हाकललं असतं." हे खरं नव्हतं. ते मला कधीच हाकलणार नव्हते, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मार्लेन दुसऱ्याच दिवशी शहरात गेला. कार्यालयानं चूक मान्य केली, पुढच्या वर्षीचे परवाने बंद केले. पण यंदाचे दिलेले होते, दोन शिकारी तंबूत येऊन बसले होते. डिसेंबरपर्यंत आणखी तीन नर गेले. सात पूर्ण झाले.

बायकेंनी सरकारी घोडा, कोट आणि दुर्बीण जमा केली. गावात कळलं, पण कुणी तोंडावर काही म्हटलं नाही, ते त्यांना जास्त लागलं. खाऱ्या मातीवर पोरं जायची बंद झाली होती. ते भिंतीशी उन्हात बसायचे. मी गेले की विचारायचे, शाळेत कोण नापास झालं, मुलीचा फोन आला का. आर्खारांचं नाव काढायचे नाहीत. वसंतापर्यंत डावा डोळाही गेला.

मे महिन्यात, कोकरं जन्मायच्या वेळी, ते म्हणाले, "मला एकदा वर ने."

एजे नको म्हणत होती. तरी मी त्यांना त्यांच्या म्हाताऱ्या घोडीवर बसवलं आणि लगाम धरून चालले. लाल दरडीपर्यंत जायला चार तास लागले. वर पोचल्यावर ते उतरले, टोपी मागे सरकवली आणि उतरणीकडे तोंड करून बसले. वारा उत्तरेचा होता. खालून ओढ्याचा आवाज येत होता, कुठंतरी एक खडा घरंगळला आणि त्यांनी मान वळवली.

"बघ," ते म्हणाले.

मी माझी लहान दुर्बीण लावली. दरडीचा तळ, वळण, हिरवा पट्टा, बर्फाची रेषा. एका ओळीला चहा थंड होईल इतका वेळ दिला. मग परत पहिल्यापासून. ते वाट बघत होते, तोंड थोडं उघडं, जसं लहान मूल वाट बघतं.

मला सांगता आलं असतं. एकवीस माद्या, चौदा कोकरं, एक तर उठायचा प्रयत्न करतंय. त्यांना पटलं असतं, किंवा पटल्यासारखं दाखवलं असतं. पण मी एकदा गप्प राहून काय केलं होतं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. जीपच्या टपावरची शिंगं.

"काही नाही, बायके," मी म्हटलं.

"खडा वाजला."

"नुसता खडा होता."

त्यांनी मान डोलावली. टोपी पुढे ओढली आणि म्हणाले, "चल, घोडीला थंडी वाजेल." घरी आल्यावर जेवले नाहीत. जूनच्या शेवटी ते गेले. कुठला मोठा आजार नाही, खोकला झाला आणि त्यांनी तो थांबवायची काही खटपट केली नाही.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी जावा बोरसोक तळत होतो. पाहुणे पुष्कळ येणार होते. एजे कढईत पिठाचे तुकडे सोडत होती, मी काढून चादरीवर टाकत होते. सकाळपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मग कढईकडे बघतच म्हणाली, "त्या दिवशी वर घेऊन गेलीस. परत आल्यावर मला म्हणाले, काही नाही उरलं, सायरा, जिपारनं दोनदा बघितलं."

मी झारा निथळला.

"एखादं सांगायचं होतंस," ती म्हणाली. "एक मादी. एक कोकरू. कुठल्या कागदावर जाणार होतं ते?"

तेल तापून धूर यायला लागला होता. तिनं शेगडीतली एक गोवरी मागे ओढली आणि झारा माझ्या हातून घेतला.